भिवा माळ्याचा साग

पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने एखाद्या यंत्राचा मत्सर करावा, हे लिहितानाही ओशाळल्यासारखे होते. पण ही हकीकत सांगायची तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

आमच्या शहराच्या मधोमध शिकारबाग आहे. एकशे चाळीस एकर. संस्थानच्या काळात राजेसाहेबांनी सांबरे आणि चितळे पाळण्यासाठी राखलेले ते रान. संस्थान विलीन झाले, सांबरे गेली, रान नगरपालिकेकडे आले आणि त्याच्या चारी बाजूंनी शहर वाढले. आता चाळिसाव्या मजल्यावरून पाहिले तर मोठ्या पातेल्याच्या तळाशी थोडी पालेभाजी उरावी तशी बाग दिसते. दक्षिणेला हत्ती दरवाजा, मध्ये तळे, तळ्याकाठी वाजंत्र्यांचा चौथरा आणि उत्तरेच्या टोकाला एकटा उभा असलेला म्हातारा साग.

मी नगरवाचनालयात ग्रंथपाल होतो. तिशीच्या आत मी या बागेचा इतिहास लिहिला, एकशे बारा पानांचा. माझ्या हातून झालेले तेवढेच एक पुस्तक. त्याच्या आधारावर मी एकतीस वर्षे दर रविवारी सकाळी लोकांना बाग दाखवत आलो. चारचौघांत बोलणे मला जमत नाही, म्हणून वाचनालयातली रद्द झालेली कार्डे मी सदऱ्याच्या खिशात ठेवी. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मुद्दे लिहिलेले असत. बोलताना नजर कार्डावर, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक ‘बहुधा’. हत्तीखाना बहुधा इथे होता. हा आंबा बहुधा राणीसाहेबांनी लावला. मला खरोखरच कशाची खात्री वाटत नसे.

“गुंजीकर, तुमच्या बहुधांचंच एक रान झालंय,” वैजयंती कानडे एकदा म्हणाल्या. “त्यात सांबरं सोडा आता.”

त्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही. निवृत्त झाल्यापासून बारा वर्षांत त्यांनी माझा एकही रविवार चुकवला नव्हता. फेरी सागापाशी संपली की लोक पांगत आणि बाई पिशवीतून थर्मास काढत. आल्याचा चहा आणि स्टीलचे दोन पेले, एक त्यांचा, एक माझा. त्या बऱ्याच वर्षांपूर्वी विधवा झालेल्या, मी लग्नच न केलेला. आठवड्यातली ती पंधरा मिनिटे मला पुरत. त्याहून अधिक काही विचारायचे धाडस झाले नाही.

मग बागेत ‘वाचक’ आला.

झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. डॉ. इरफान मोमीन यांनी त्यापुढची मजल मारली. पेन्सिलीतल्या शिशाएवढी पोकळ सळई खोडात घालून ते लाकडाची एक काडी बाहेर काढत. त्यांच्या यंत्रातला, म्हणजे ‘वाचका’तला, लेसर त्या काडीचे केसाहून पातळ थर एकेक करून जाळी आणि निघालेल्या वायूवरून झाडाने त्या आठवड्यात काय प्यायले होते ते ओळखी. पाण्यातला प्राणवायू सगळा एका वजनाचा नसतो. काही हलका, काही जड. धरणात महिनोन्महिने तापलेल्या पाण्यातला हलका भाग आधी वाफ होऊन जातो, म्हणून ते पाणी जड. पावसाचे हलके, विहिरीचे निराळे. लाकूड बनताना झाड ही खूण आपल्यात साठवून ठेवते. तसेच शेणाचे, राखेचे, चुन्याचे. झाडाला डोळे नसतात, पण जे मुळाशी आले ते ते विसरत नाही.

वाचकाने वर्षभरात बागेतली अकराशे झाडे वाचली. प्रत्येक झाडावर एक पांढरी टिकली लागली. जवळ गेले की कानातल्या बोंडीतून त्या झाडाची कहाणी ऐकू येई. आवाज खालच्या पट्टीतला, शांत, कुठेही न अडखळणारा. त्या आवाजाच्या तोंडी एकही बहुधा नव्हता.

पहिला दणका हत्ती दरवाजापाशी बसला. माझ्या पुस्तकात संस्थानचे हत्ती एकोणीसशे तेवीस साली विकले गेले. तिथल्या चिंचेने मात्र सव्वीसपर्यंत लिदीचे खत खाल्ले होते.

“गुंजीकर,” बाई मिस्कील चेहऱ्याने म्हणाल्या, “तीन वर्षं हत्ती लपवले कुठे होते?”

लोक हसले. मीही हसलो आणि घरी जाऊन जेवलो नाही.

त्यानंतर माझी माणसे गळू लागली. आधी चाळीस येत, मग पंचवीस, मग नऊ. लोक आपापल्या वेळेला येत, झाडापाशी उभे राहत, डोळे मिटून ऐकत. माझ्यासमोर कुणी कधी डोळे मिटले तर ते झोपेने. मी बांबूच्या बेटाआड उभा राहून त्या यंत्राचे बोलणे ऐकू लागलो. त्याच्या चुका टिपायला एक वही केली. सात आठवड्यांत एकच नोंद झाली. वाजंत्र्यांच्या चौथऱ्याला त्याने बँडचा ओटा म्हटले होते. ती नोंद मी पुन्हा पुन्हा वाचत असे.

हे सगळे मी सोसले असते. पण एका रविवारी सागापाशी पोहोचलो तर मोमीन आधीच तिथे होते. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, नम्र माणूस. बाई त्यांना जड आणि हलक्या प्राणवायूबद्दल एकामागून एक प्रश्न विचारत होत्या. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी बारा वर्षांत पाहिला नव्हता. बोलता बोलता त्यांनी थर्मास काढला, दोन पेले भरले आणि दुसरा मोमीनांच्या हातात दिला. मग मी दिसलो. “अरे, पेला नाही उरला,” असे म्हणून त्यांनी स्वतःचा पुढे केला. मी म्हटले की डॉक्टरांनी चहा बंद केला आहे. तेही खोटेच होते.

त्याच दिवशी मोमीनांनी आपले म्हणणे मांडले. संपूर्ण बागेत एकच मोठे झाड वाचायचे राहिले होते, हा साग. बागेच्या वारसा समितीत इतिहासाची एक जागा आहे आणि ती माझी. सागाला सळई लावायला माझी सही लागणार होती. ते काम त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवले होते. लहानपणी त्यांची अम्मी दर अक्षय्य तृतीयेला त्यांना कळशी घेऊन इथे आणत असे. माझे पुस्तक त्यांच्या घरात अजून होते. येत्या अक्षय्य तृतीयेला सगळ्यांसमोर भिवा माळ्याची कहाणी विज्ञानाने सिद्ध करायची, ही त्यांच्या मते मला दिलेली भेट होती.

आता भिवाबद्दल सांगायला हवे.

पुस्तक लिहीत होतो तेव्हा नगरपालिकेच्या एका जुन्या अहवालात मला एक ओळ सापडली होती. बहात्तरच्या दुष्काळात बागेतली तीनशे झाडे वाळली, उत्तरेकडचा साग जगला. का जगला, ते कुणाला ठाऊक नव्हते. ‘बहुधा जमिनीखाली झरा असावा’ असे लिहिले आणि वाचून पाहिले. शंभर पाने मी असेच लिहीत आलो होतो. माझाच मला कंटाळा आला. ते वाक्य खोडले आणि त्या जागी दीड पान दुसरेच लिहून काढले. भिवा नावाचा माळी. माणशी दोन कळशा पाणी मिळायचे, त्यातली एक तो रोज सागाच्या मुळाशी ओतायचा. त्र्याहत्तरपासून दर अक्षय्य तृतीयेला वस्तीतले लोक त्याची आठवण म्हणून इथे कळशी रिकामी करतात, असेही लिहिले. भिवाला मी निपुत्रिक मारला, म्हणजे कुणी चौकशीला येणार नाही. त्या दिवशी पाण्याने भरलेला कुंभ दान द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. ती सागापाशी आणून ठेवली की गोष्ट खरी वाटेल, एवढाच माझा हिशोब होता.

लोकांना पुस्तकातले तेवढेच दीड पान आवडले. ते शाळेत वाचले गेले, भाषणांत आले. आणि लोक खरोखरच कळशा घेऊन येऊ लागले. गेल्या वर्षी आठशेच्या वर कळशा होत्या. पंचेचाळीस वर्षे मी दर तृतीयेला त्या गर्दीत मागे उभा राहत आलो आहे, कुणाच्या तरी घरातली वस्तू चोरून आणल्यासारखा.

मी सही दिली नाही. भोक पडले की झाडाला बुरशी लागेल, उन्हाळ्यात तापमान शेहेचाळीसवर जाते, म्हातारे झाड आहे, अशी कारणे समितीला लिहून कळवली. दोन महिने गेले. एका रविवारी फक्त बाई आल्या.

“अकराशे झाडांना भोकं पडली तेव्हा तुम्हाला बुरशी आठवली नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मोमीनांवर जळता, गुंजीकर. की कशाला तरी भिता?”

मी कार्ड काढून वाजंत्र्यांच्या चौथऱ्याची माहिती वाचू लागलो. त्या मध्येच निघून गेल्या.

त्या दुपारी मला एक विचार सुचला. तो मांडताना आजही स्वतःची भीती वाटते. वाचकाने साग वाचला तर त्याला भिवा सापडणार नाही, हे उघड होते. तसे त्याने जाहीर केले तर लोक चिडतील कुणावर? भिवा त्यांच्या घरातला झाला होता, यंत्र काल आलेले. लोक यंत्रालाच खोटे म्हणतील. टिकल्या उपटून फेकतील. माझे रविवार परत येतील आणि तो पेलाही.

दुसऱ्या दिवशी मी सही केली. मोमीनांनी दोन्ही हातांत माझा हात धरला.

तृतीयेच्या आदल्या दिवशी चार वाजता ते माझ्या घरी आले. मी पाणी दिले, त्यांनी ते खाली ठेवले.

“सर, यंत्र फसलं,” ते म्हणाले.

मग त्यांनी एक लांब कागद पलंगावर पसरला. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात, झाड झोपते, लाकूड वाढत नाही. त्या काळात कुणी भरपूर पाणी घातले तर ते थोडे जागे होते आणि एक बारीक अवेळी वलय तयार होते. बहात्तरच्या उन्हाळ्यात रोज विहिरीचे पाणी मिळाले असेल, तर तसे वलय हवे होते. ते नव्हते. त्या वर्षीचे सगळे वलयच केसाएवढे होते. त्र्याहत्तरपासून दरवर्षीच्या कळशांची खूण हवी होती. तीही नव्हती. सत्त्याण्णव सालापासून मात्र दर उन्हाळ्यात धरणाच्या जड पाण्याचे अवेळी वलय होते, आधी अगदी पुसट, मग वर्षागणिक जाड.

मोमीनांनी याचा लावलेला अर्थ सरळ होता. जुन्या लाकडातली खूण काळाबरोबर पुसली जाते आणि यंत्राला ते कळत नाही. म्हणजे पंचेचाळीस वर्षांपलीकडचे त्याचे काहीच विश्वासार्ह नाही. हत्ती गेले, चिंच गेली, अकराशे झाडांचा जुना इतिहास गेला. सहा शहरे हे यंत्र घेणार होती, त्यांना ते रात्रीतून कळवणार होते आणि उद्या लोकांसमोर सांगून टिकल्या काढून घेणार होते. दहा वर्षांचे काम होते.

पुस्तक चुकले असेल असे नाही का वाटत, असे मी विचारले.

ते हसले. “तुम्ही प्रत्येक वाक्यात बहुधा लिहिता, सर. मी लहानपणी मोजायचो. त्या दीड पानात एकदाही नाही. म्हणजे ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.”

तेव्हाच बोलायला हवे होते. मी त्यांना दारापर्यंत पोचवले, जपून जा म्हणालो. मला जे हवे होते ते मिळाले होते, मी योजले त्याहूनही सोप्या रीतीने. मला काही करायचे नव्हते, नुसते गप्प राहायचे होते, आणि तेवढे मला आयुष्यभर जमत आले आहे. मी शांत झोपलो. हेही लिहिलेच पाहिजे.

सकाळी सहाला सागापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हामुळे नऊला बाग बंद होते, त्यामुळे सगळे लवकर आलेले. तांब्याच्या कळशा, पितळेच्या, प्लास्टिकच्या. नवी लुगडी, शाळेचे गणवेश, झोपेतून उठवून आणलेली मुले. मोमीनांच्या अम्मी चाकांच्या खुर्चीत होत्या, मांडीवर कळशी आणि दोन्ही हात तिच्या गळ्याभोवती. मी नेहमीसारखा मागे होतो. बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या रविवारपासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

मोमीन पारावर चढले. आवाज ओळखू येत नव्हता. ते म्हणाले की आपल्या यंत्राने या झाडाबाबत चूक केली आहे आणि त्यामुळे इतर झाडांबद्दलही ते जे बोलले त्यावर कुणी विश्वास ठेवू नये. अम्मी लेकाकडे बघत होत्या. त्यांना शब्द कळले नसावेत, पण चेहरा कळत होता.

बाईंनी माझ्याकडे न बघता हळूच म्हटले, “पहिल्या वर्षी आठवीच्या तीस मुलींना घेऊन मी इथे आले होते. तुमचं पुस्तक वाचूनच. वस्तीतले लोक दरवर्षी येतात, असं तुम्ही लिहिलं होतं. इथे कुणी नव्हतं, गुंजीकर. आम्हीच होतो.”

ते साल सत्त्याण्णव होते.

माझा हात खिशाकडे गेला. कार्डे घरी राहिली होती. पुढे कसा गेलो ते आठवत नाही. लोकांनी वाट दिली, त्यांना वाटले मी भिवावर चार शब्द बोलणार. मी पारावर चढलो नाही, खालीच उभा राहिलो.

“यंत्र बरोबर आहे,” मी म्हणालो. “भिवा माळी नव्हता. तो मी लिहिला.”

मागच्यांना ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा म्हणावे लागले. दुसऱ्यांदा म्हणणे जास्त कठीण होते. मग मी सगळे सांगितले, अहवालातली एक ओळ, खोडलेले वाक्य, दीड पान. झाड बहात्तरला स्वतःच्या मुळांवर जगले होते. पाणी सत्त्याण्णवपासून मिळाले, ते इथल्या लोकांनी घातले म्हणून, आणि वाचकाने तेवढेच अचूक वाचले. काल मला हे सांगता आले असते आणि मी सांगितले नाही, हेही बोललो. का ते मात्र बोललो नाही.

एक गृहस्थ कळशी तशीच भरलेली घेऊन फाटकाकडे चालू लागले, त्यांच्यामागे आणखी काही. मोमीन कागदाकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग परत कागदाकडे. त्यांच्या डोळ्यांत राग होता की सुटका, मला वाचता आले नाही.

कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने सरळ विचारले, “मग आता पाणी घालायचं का नाही?”

तेव्हा मोमीनांच्या अम्मी खुर्चीतून म्हणाल्या, “भिवा नसेना का. झाड तर हाय ना? इरफान, हात लाव. मांडी भरून आली माझी.”

मोमीनांनी कळशी घेतली आणि मुळाशी ओतली. मग बाईंनी ओतली. मग रांग लागली. गेल्या वर्षीपेक्षा कमी होती, पण होती.

त्याला आता सहा आठवडे झाले. समितीची जागा मी सोडली. तिघांनी पुस्तक वाचनालयात परत आणून दिले, एकाने आतल्या दीड पानावर लाल रेघ मारून. शहरातल्या एका वर्तमानपत्राने जे छापले ते खरेच होते. टिकल्या जिथल्या तिथे आहेत आणि दोन शहरांत यंत्र पोहोचलेही. सागाची टिकली आता बोलते. ‘सत्त्याण्णव सालापासून दर उन्हाळ्यात या झाडाला धरणाचे पाणी मिळते. कारण, एक गोष्ट.’ हे शेवटचे तीन शब्द मोमीनांनी मला विचारून घातले. मला ते पूर्वीसारखे सर म्हणतात. पूर्वीसारखे हात धरत नाहीत.

काल रविवारी माझ्याबरोबर चारजण होते. फेरी संपल्यावर मोमीन येऊन बसले आणि बाईंनी पिशवीतून तीन पेले काढले. तिसरा नवा होता, त्यावरचा चिकटवलेला कागद अजून निघालेला नव्हता. मोमीन चहा पिऊन यंत्र तपासायला गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना पोटात जरासे दुखलेच. या वयात स्वभाव कुठला जायला.

मग मी बाईंना विचारले की पहिल्याच वर्षी शंका आली होती, तर पंचेचाळीस वर्षे बोलल्या का नाहीत.

“पाणी झाडालाच जात होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगाल कधीतरी, असं वाटायचं. आणि खरं सांगू? भिवा मला आवडायचा. स्वतःच्या वाट्याची कळशी घेऊन रोज यायचा बिचारा. तुमच्यापेक्षा धीट होता.”

त्या बोलताना सागाच्या मुळाकडे बघत होत्या, जणू तो तिथे कळशी टेकवून बसला आहे. आणि ज्याला मी दीड पानात जन्माला घातले आणि मारले, त्या माणसाचा मला असा हेवा वाटला की तसा मोमीनांचा किंवा त्या यंत्राचा कधी वाटला नव्हता. मी पेला खाली ठेवला.

“बाई,” मी म्हणालो, “उद्या सोमवार आहे. मी चहा करून इथे आणला तर तुम्ही याल का?”

त्यांनी थर्मासचे झाकण लावले, पेले एकात एक घालून पिशवीत ठेवले, पिशवी खांद्याला अडकवली. फाटकाकडे चार पावले गेल्यावर वळल्या.

“बहुधा,” त्या म्हणाल्या.